व्हेनिस आणि बेटं, एका दिवसात: आजी, नातवंडं आणि दुखरा गुडघा धरून

सान मार्कोचा चौक, शिवाय मुरानो, बुरानो, तोर्चेलो ही बेटं, सगळं एका दिवसात ‘दाखवून आणणाऱ्या’ मोटरबोटीच्या सहली व्हेनिसमध्ये पावलोपावली विकल्या जातात. पहिल्या खेपेला आम्ही तसल्याच एका सहलीत बसलो. बोट बेटाला लागायची, आम्ही उतरायचो, घड्याळ बघायचो, परत चढायचो. तोर्चेलोला तर धक्क्यापासून चर्चपर्यंत चालायलाच दहा मिनिटं लागतात. आम्ही पोचलो, दार बघितलं आणि माघारी फिरलो.

दुसऱ्या खेपेला बरोबर सासूबाई होत्या, वय ७२, एका गुडघ्याला पट्टा. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ७. तेव्हा दिवस वेगळ्या पद्धतीनं बांधला: सकाळी अडीच तास गाइड, दुपारपासून सार्वजनिक बोटीनं दोनच बेटं आणि तिथे गाइड नाही. असं केल्यानं गोष्टही उलटी उलगडत जाते. सकाळी या शहराचा दिमाख दिसतो आणि दुपारी ज्या चिखलातून ते उभं राहिलं तो चिखल. मुलांना ही उलटी गोष्ट फार आवडली. त्याच दिवसाचा आराखडा खाली देते आहे.

आदल्या दिवशीची कामं

पहिलं काम बोटीच्या पासचं. व्हेनिसमध्ये मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. आपली बस म्हणजे ‘वापोरेत्तो’ ही बोट. एकेरी तिकीट साडेनऊ युरोचं आणि ७५ मिनिटं चालणारं, तर २४ तासांचा पास २५ युरोचा. या दिवसात निदान चार वेळा बोटीत चढायचंय, त्यामुळे पासच घ्या. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मुक्काम तीन दिवसांचा असेल तर ६ ते २९ वयोगटासाठी सवलतीचा तीन दिवसांचा पास मिळतो, मुलांसाठी तो विचारून घ्या. दर बदलत असतात, निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावेत. पास खिशात असला तरी दर वेळी चढण्यापूर्वी धक्क्यावरच्या यंत्राला लावावा लागतो. मुलगी हे काम हौसेनं करायची, त्यामुळे आमचं कधी विसरलं नाही.

दुसरं काम प्रवेश शुल्काचं. २०२४ सालापासून वसंत आणि उन्हाळ्यातल्या काही ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात, फक्त दिवसापुरतं येणाऱ्या पर्यटकाला माणशी शुल्क भरावं लागतं. आगाऊ भरलं तर ५ युरो, अगदी तोंडावर भरलं तर १०. चौदा वर्षांखालच्यांना माफी आहे. व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे पुलापलीकडच्या मेस्त्रेमध्येसुद्धा, मुक्काम असेल तर शुल्क पडत नाही. पण त्या माफीचीही ऑनलाइन नोंद करून कोड फोनमध्ये ठेवावा लागतो. ‘आपल्याला लागू नाही ना, मग सोडा’ असं करू नका.

तिसरं काम गाइडचं. इटलीत गाइडला परवाना लागतो, गळ्यातलं ओळखपत्र तो स्वतःच दाखवतो. खासगी गाइडचे पैसे साधारणपणे तासावर असतात, डोक्यावर नाही. त्यामुळे ओळखीचं आणखी एखादं कुटुंब असेल तर मिळून घ्या, खर्च निम्म्यावर येतो. मोठ्या गटातून जाणार असाल तर माहीत असू द्या: २०२४ पासून गटात २५ पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत आणि लाउडस्पीकरला बंदी आहे. गाइड हळू बोलतो आणि आपण कानात यंत्र लावून ऐकतो. आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणते) हे यंत्र इतकं आवडलं की त्या पुढे जाऊन बाकावर बसायच्या आणि आम्ही मागून चालत असताना बसल्या जागी सगळं ऐकायच्या. गुडघेदुखीवाल्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी.

गाइडला आधीच सांगून ठेवा की सान मार्को चर्चचं वेळेचं तिकीट घे, पुलांच्या पायऱ्या कमीत कमी ठेव आणि सनावळ्या कमी, गोष्टी जास्त सांग. रविवार टाळा, कारण त्या दिवशी हे चर्च पर्यटकांना दुपारनंतरच उघडतं आणि आपला सगळा क्रम कोलमडतो.

बाबागाडी हॉटेलातच ठेवा. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. लहान मूल झोळीत किंवा पाठीवर. चाकांच्या बॅगा ओढत पूल चढणारी माणसं पाहिली की आपल्याकडच्या दादरच्या जिन्याची आठवण होते, फक्त इथे हमाल नाही.

साडेसात: गाइडच्या आधी कालवा

पिआत्झाले रोमा (बस-मोटारी जिथवर येतात तो चौक) किंवा रेल्वे स्टेशनच्या धक्क्यावरून १ नंबरची बोट पकडा. २ नंबरची लवकर पोचवते, पण आपल्याला घाई नाही. १ नंबर आळीपाळीनं दोन्ही काठांना लागत, जवळजवळ चार किलोमीटरचा मोठा कालवा सावकाश पार करते. सान मार्कोला पोचायला पाऊण तास. एवढ्या सकाळी बाहेरच्या बाजूला बसायला जागा मिळते, नऊनंतर विसरा.

महाल तर दिसतातच, मुलांना मात्र बाकीची रहदारी दाखवा. कचरा बोटीतून, कोथिंबीर-बटाटे बोटीतून, कुणाचं कपडे धुण्याचं यंत्र बोटीतून. पिवळी रुग्णवाहिका सायरन वाजवत पाणी उडवत गेली तेव्हा मुलगा उठून उभाच राहिला. रिआल्तो पूल याच वाटेवर लागतो. १५८८ ते १५९१ या काळात बांधलेला हा दगडी पूल पुढे अडीचशेहून अधिक वर्षं मोठ्या कालव्यावरचा एकमेव पूल होता.

चढता-उतरताना सॅक पाठीवरून काढून हातात घ्या, इथे तो शिष्टाचार आहे. धक्का स्वतः तरंगता असल्यामुळे हलतो. आईंना आम्ही सांगून ठेवलं होतं: बोट दोरानं बांधून लोखंडी फाटक सरकेपर्यंत पाऊल उचलायचं नाही.

नऊ ते साडेअकरा: गाइडबरोबर

सान मार्को हा व्हेनिसमधला एकमेव ‘पिआत्झा’. बाकीचे सगळे चौक ‘कांपो’, म्हणजे शेत, कारण एकेकाळी तिथे खरोखरच गवत असायचं. प्रत्येक कांपोच्या मध्ये एक दगडी विहीर दिसेल. ती विहीर नाहीच, पाण्याची टाकी आहे. चौकात पडलेलं पावसाचं पाणी जाळीतून खाली जाऊन वाळूतून गाळलं जायचं आणि मधल्या नळकांड्यात साठायचं. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशा गावानं काढलेली ही सोय. आपल्या गडांवरची टाकी पाहिलेल्याला ती पटकन समजते.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस असेल तर प्रश्नच नाही, अडवले जातात ते हाफ पँटवाले. मोठी बॅग आत नेता येत नाही.

आत गेल्यावर आधी काही न बोलता मिनिटभर वर बघा. आठ हजार चौरस मीटरहून जास्त जागेवर मोझेक आहे, सोन्याचा वर्ख मध्ये धरलेल्या काचेच्या बारक्या तुकड्यांचं. तुकडे मुद्दाम किंचित कलते बसवलेत, त्यामुळे आपण चालू तसा उजेड सरकतो. संत मार्कचे अवशेष ८२८ साली दोन व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियाहून पळवून आणले आणि मुसलमान जकातवाल्यांनी टोपलीला हात लावू नये म्हणून वर डुकराचं मांस पसरलं, अशी आख्यायिका आहे. तिचं चित्र चर्चच्या दर्शनी भागावरच आहे. मुलांना ही गोष्ट बाहेर उभं राहूनच सांगायला लावा, आत त्यांचं लक्ष छताकडे असतं.

वरचे चार घोडे नकली आहेत, खरे आतल्या संग्रहालयात. १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल लुटून आणलेले हे घोडे १७९७ साली नेपोलियननं पॅरिसला नेले आणि १८१५ साली ते परत आले. चोरावर मोर म्हणतात ते हेच. संग्रहालयाचा जिना मात्र अरुंद आणि उभा आहे. आई खाली बसल्या, मुलं आणि त्यांचे बाबा वर जाऊन आले.

डोजेंचा, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखांचा, महाल आम्ही आतून पाहिला नाही. लहान मुलं आणि वडीलधारी बरोबर असताना चर्च आणि महाल एकाच सकाळी जमवू नका, एकच निवडा. महालाला स्वतंत्र तीन तास लागतात.

आमच्या सकाळचा खरा क्षण निराळाच निघाला. महालाच्या समोर, ग्रंथालयाला लागून पाण्याच्या बाजूला एक जाडजूड दगडी इमारत आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. गाइड म्हणाली, ही ‘झेक्का’, व्हेनिसची टांकसाळ. शब्द अरबी ‘सिक्का’वरून आलेला. मुलगा म्हणाला, “आपलाच सिक्का?” तोच. इथे पाडलेल्या सोन्याच्या नाण्याला पुढे झेक्किनो म्हणू लागले. ते १२८४ साली सुरू झालं आणि १७९७ साली प्रजासत्ताक बुडेपर्यंत जवळजवळ त्याच वजनाचं, त्याच चित्राचं राहिलं. तिनं टॅब्लेटवर नाण्याचा फोटो मोठा करून दाखवला. एका बाजूला उभा संत, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोजे, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोलात उभा येशू, भोवती चांदण्या.

आईंनी चष्मा वर केला आणि मराठीतच म्हणाल्या, “अगं, ही तर पुतळी.”

तीच होती. हे नाणं व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर यायचं आणि त्यावरच्या आकृत्यांमुळे त्याला पुतळी म्हणायचे. माळेत ओवायचे. पुढे आपल्या सोनारांनी त्याच धाटणीच्या पुतळ्या घडवल्या आणि पुतळ्यांची माळ झाली. मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा गाइडनं ते वहीत लिहून घेतलं. तुमचा गाइड झेक्का दाखवणार नसेल तर तुम्ही होऊन विचारा. घरात पुतळीमाळ असेल तर तिचा फोटो फोनमध्ये घेऊन जा.

जेवण, पाणी, पाऊस

सान मार्कोच्या चौकात बसून कॉफी घेऊ नका, वाद्यवृंद चालू असला तर संगीताचा आकारही बिलात येतो. दोन गल्ल्या सोडल्या की काउंटरशी उभं राहून प्यायलेली कॉफी कितीतरी स्वस्त पडते. बसून जेवलात तर बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही युरो लागतील, ती फसवणूक नाही, तिथली रीतच आहे.

शाकाहारी मंडळींसाठी: पिझ्झा, टोमॅटोचा पास्ता, वांग्याचा पार्मिज्याना सगळीकडे मिळतं. रिसोत्तो मात्र विचारल्याशिवाय मागवू नका. वर भाज्या दिसतात, पण तांदूळ बहुतेकदा मांसाच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवलेला असतो. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ एवढं म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. अगदी कडक पाळणाऱ्यांना हेही माहीत असू द्या की पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. ‘सार्दे इन साओर’ म्हणजे तळलेले तारले भरपूर कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि पाइन झाडाच्या बियांमध्ये मुरवलेले. खलाशांना बरोबर न्यायला टिकावेत म्हणून केलेला पदार्थ. माझ्या माहेरी मालवणात कुणी तारल्यांत बेदाणे घातले असते तर वाद झाला असता, पण लागतो झकास.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. जागोजागी नळ वाहत असतात, पाणी उत्तम असतं. सार्वजनिक स्वच्छतागृहाला पैसे पडतात, सुटी नाणी ठेवा. पायऱ्यांवर पथारी पसरून डबा खाल्ला किंवा कबुतरांना दाणे टाकले तर दंड होतो.

ऑक्टोबर ते जानेवारीत जाणार असाल तर उधाणाचा अंदाज पाहून ठेवा. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. २०२० पासून खाडीच्या तीन तोंडांवर ७८ पोलादी दरवाजे उभे करून मोठी भरती अडवतात, त्यामुळे पूर्वीइतकी धास्ती उरलेली नाही.

गोंडोला? दिवसाचा अधिकृत दर अर्ध्या तासाला ९० युरो, माणशी नव्हे, अख्ख्या होडीचा, आणि होडीत पाच जण बसतात. हौस असेल तर खुशाल करा, पण लहानशा कालव्यातून फिरवणारा निवडा. नाहीतर रिआल्तो बाजारासमोर सांता सोफियाहून मोठा कालवा ओलांडणारी ‘त्रागेत्तो’ आहे, गोंडोलाच, दोन युरोत पलीकडे. होतात दोनच मिनिटं. आमच्या मुलीचं त्यात समाधान झालं.

एक वाजता: १२ नंबरची बोट

सान मार्कोहून उत्तरेच्या काठाला, फोंदामेंते नोवेला, रमतगमत चालत अर्धा तास लागतो. वाटेत सान झानिपोलोचा चौक लागतो. तिथली अप्रतिम संगमरवरी दर्शनी भिंत एका चालू हॉस्पिटलची आहे. बाजूच्या कालव्यात रुग्णवाहिका-बोटी बांधलेल्या असतात. आईंना इथे बाकावर बसवून बाकीच्यांनी आइस्क्रीम आणलं.

पत्ता शोधायला नकाशाच्या फार नादी लागू नका. घरांचे क्रमांक रस्त्यावर नसतात, वॉर्डावर असतात आणि ते हजारांत जातात. भिंतीवरच्या पिवळ्या पाट्या बघत चाला.

बोट सुटली की लगेच विटांच्या भिंतीआडचं सरूचं बेट दिसतं, ते सान मिकेले, व्हेनिसचं कब्रस्तान. पुढचा थांबा मुरानो, दीपगृहाजवळ. इथे उतरायचं की नाही हे तुमच्या मुलांवर ठरवा. १२९१ साली आगीच्या भीतीनं काचेच्या भट्ट्या शहरातून या बेटावर हलवल्या. भट्टीतून लाल गोळा निघतो आणि चिमट्याच्या चार-पाच ओढींत त्याचा पाय झाडणारा घोडा होतो, ते पाहताना कोणतंही मूल गप्प होतं. मुलं दहाच्या आतली असतील तर मुरानो आणि बुरानो करा, तोर्चेलो सोडा. पण मग मुरानो आधी, कारण दुपार कलली की भट्टीवरची माणसं घरी जातात. आणि कुणी ‘मुरानोला फुकट बोट’ देऊ केली तर घेऊ नका. ती एकाच दुकानाच्या दारात सोडते आणि खरेदी होईपर्यंत तिथून हलणं अवघड होतं, हा आमचा पहिल्या खेपेचा अनुभव.

तोर्चेलो

बोटीतून उतरणारे पाच-दहा जणच असतात. समोर एक सरळ कालवा, कडेनं विटांची वाट, दोन्ही बाजूंना वेत आणि दलदल. पुलांच्या पायऱ्या फारशा नाहीत, म्हणून दुखऱ्या गुडघ्याला हे बेट सर्वांत सोपं. वाटेत कठडा नसलेला ‘सैतानाचा पूल’ लागतो, मुलांचा हात धरा.

मुख्य भूमीवर स्वाऱ्या होऊ लागल्या तेव्हा तिथली माणसं या चिखलात येऊन राहिली. इथलं कॅथेड्रल ६३९ साली स्थापन झालं, तेव्हा सान मार्कोचा पत्ताही नव्हता. शेकडो वर्षं हे बेट गजबजलेलं होतं. मग खाडी गाळानं भरत गेली, हिवताप आला, लोक निघून गेले आणि दगडविटा व्हेनिसच्या बांधकामांना गेल्या. आता इथे मोजकीच घरं आहेत.

आत शिरल्यावर मागे वळून दाराच्या भिंतीकडे बघा. अख्खी भिंत अंतिम न्यायाच्या, म्हणजे जगाच्या शेवटी मेलेले उठून देवापुढे येतात त्या प्रसंगाच्या, मोझेकनं भरली आहे. देवदूत कर्णे फुंकताहेत आणि सिंह, हत्ती, मासे आजवर गिळलेली माणसं ओकून परत देताहेत: कुणाचा हात, कुणाचं डोकं. खालच्या कोपऱ्यात मत्सरी लोकांच्या कवट्या, डोळ्यांच्या खोबणीतून साप. मुलांनी इथे अर्धा तास काढला, सान मार्कोत दहा मिनिटांत चुळबुळ सुरू झाली होती. बाहेर येऊन भिंतीला फेरी मारा: खिडक्यांची झडपं दगडाची आहेत, अख्ख्या फरशीची, बिजागऱ्याही दगडाच्याच. अंगणातल्या दगडी खुर्चीला हूणांचा राजा अटिला याचं सिंहासन म्हणतात. अटिलाचा तिच्याशी काही संबंध नाही, पण फोटोला छान.

बुरानो, साडेतीननंतर

तोर्चेलोहून बुरानो पाच मिनिटांवर. दुपारी बारा ते तीन इथे पाय ठेवायला जागा नसते. साडेतीन-चारनंतर सहलींच्या बोटी निघून जातात आणि दारातले पडदे बाजूला सारून बायका खुर्च्या बाहेर काढतात. घरांचे रंग धुक्यात आपलं घर ओळखू यावं म्हणून दिले, असं सांगतात. आजही घर रंगवायला परवानगी घ्यावी लागते.

लेस घ्यायची असेल तर आधी लेसच्या संग्रहालयात जा. ‘हवेतला टाका’ म्हणतात तो इथला: खाली कापड नसतंच, नुसत्या सुई-दोऱ्यानं जाळी उभी राहते. एकेक बाई एकेका टाक्यात तरबेज, त्यामुळे एक नमुना अनेक हातांतून फिरून पुरा होतो. हे पाहिल्यावर बाहेर वीस युरोला मिळणारा टेबलक्लॉथ कुठला असेल हे वेगळं सांगायला नको. आम्ही लेस घेतली नाही. ‘बुस्सोला’ नावाची लोण्याची गोल बिस्किटं घेतली. त्यांत अंडी भरपूर असतात, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

परतीच्या बोटीला पाच-सहाच्या सुमारास लांब रांग लागते. भूक आवरत असेल तर त्याच्या तासभर नंतरची बोट घ्या, बसायला जागा मिळते. मोबाइलमध्ये शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांच्या वेळा आधीच उतरवून ठेवा, धक्क्यावर नेटवर्क कधी कधी दगा देतं. फोंदामेंते नोवेला उतरल्यावर स्टेशनकडे जायचं तर ज्या धक्क्यावर ‘फेर्रोव्हिया’ लिहिलंय त्यावर उभं राहा, चालत जायची जिद्द धरू नका, पाय संपलेले असतात.

पाऊण तासाच्या त्या परतीच्या बोटीत मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. आईंनी बिस्किटांचा पुडा उघडला, एक मोडून मला दिलं आणि विचारलं, “ती म्हणाली ते नाणं किती ग्रॅमचं?” साडेतीन, मी म्हटलं. त्यांच्या सासूबाईंच्या माळेत एक्केचाळीस पुतळ्या होत्या. वाटणीत माळ तोडून तिघी जावांना दिली. आईंच्या वाट्याला तेरा आल्या, त्यांतल्या सहा नणंदेच्या लग्नात गेल्या. मुरानोचं दीपगृह येईपर्यंत त्या बोटं मोजत उरलेल्या सात कुठे गेल्या ते आठवत होत्या.